टीव्ही घेताना रिझोल्यूशन कसं ठरवायचं: मोजपट्टीपासून घरच्या पहिल्या तपासणीपर्यंत

टीव्ही घ्यायला गेलेला माणूस पहिला प्रश्न विचारतो, "हा फोर-के आहे ना?" उत्तर "हो" येतं, टीव्ही घरी येतो आणि दोन दिवसांनी तक्रार सुरू होते की बातम्या धूसर दिसतात, जुन्या टीव्हीवर चित्र बरं होतं. अशा किती तरी घरांत मी टीव्हीसमोर बसून सेटिंग तपासली आहेत. बहुतेक ठिकाणी टीव्ही ठीक होता, निवडीचा क्रम उलटा झाला होता. रिझोल्यूशन, म्हणजे पडद्यावरच्या ठिपक्यांची (पिक्सेलची) संख्या, सगळ्यात आधी ठरलं होतं आणि बसायचं अंतर, पडद्याचा आकार, त्यावर काय बघणार, हे कुणी विचारलंच नव्हतं. वास्तविक या तीन गोष्टी ठरल्या की रिझोल्यूशन आपोआप ठरतं.

## आधीची तयारी

मोजपट्टी, कागद-पेन आणि अर्धा तास, एवढं पुरे. कागदावर दोन याद्या करा. घरात टीव्हीवर काय काय बघितलं जातं ती एक, आणि टीव्हीला कोणकोणती यंत्रं जोडली जाणार ती दुसरी. सेट-टॉप बॉक्स, डीव्हीडी किंवा ब्लू-रे प्लेअर, गेमिंग कन्सोल, लॅपटॉप, साउंडबार, सगळं लिहा. साउंडबार विसरू नका, त्याचं कारण सहाव्या टप्प्यात येईल.

हे चार आकडेही पाठ असू द्या. दुकानात माहितीपत्रक हातात आलं की तेच उपयोगी पडतात.

- एचडी: १२८० × ७२०, म्हणजे सुमारे ९ लाख २२ हजार ठिपके. "एचडी रेडी" म्हणून मिळणाऱ्या बऱ्याच टीव्हींचा पडदा प्रत्यक्षात १३६६ × ७६८ असतो.
- फुल एचडी: १९२० × १०८०, सुमारे २० लाख ७४ हजार.
- फोर-के, म्हणजेच अल्ट्रा एचडी: ३८४० × २१६०, सुमारे ८२ लाख ९४ हजार.
- एट-के: ७६८० × ४३२०, सुमारे ३ कोटी ३२ लाख.

फुल एचडीहून फोर-केमध्ये ठिपके दुप्पट नसून चौपट असतात, कारण रुंदी आणि उंची दोन्ही दुप्पट होतात.

## टप्पा १: अंतर मोजा

टीव्हीचा पडदा जिथे येणार तिथपासून बसणाऱ्याच्या डोळ्यांपर्यंतचं अंतर मोजा. सोफ्याच्या पुढच्या कडेपर्यंत मोजण्याची चूक फार जण करतात. माणूस मागे रेलून बसतो, त्यामुळे तेवढ्यानेच ४०-५० सेंटिमीटरचा फरक पडतो. टीव्ही टेबलावर ठेवणार असाल तर पडदा भिंतीपासून पुढे येतो, भिंतीपासून मोजलं असेल तर तेवढं अंतर वजा करा.

घरातले सगळे एकाच जागी बसत नसतील तर रोज सर्वात जास्त वेळ बघणाऱ्याची जागा धरा. सरासरी काढू नका. सरासरीच्या जागी कुणीच बसलेलं नसतं.

तपासणी: आकडा सेंटिमीटरमध्ये लिहिला का? पुढचा हिशेब त्यावरच आहे.

## टप्पा २: त्या अंतराला शोभेल असा आकार ठरवा

टीव्हीचा इंचातला आकार म्हणजे कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचा कर्ण. एक इंच म्हणजे २.५४ सेंटिमीटर.

बातम्या, मालिका, सामने असं सगळं मिळून बघणाऱ्या घरासाठी अंतराला २ ने भागा, मग १.६ ने भागा. कर्ण या दोन उत्तरांच्या मध्ये असावा. अंतर २४० सेंटिमीटर असेल तर उत्तरं १२० आणि १५० येतात, म्हणजे ४७ ते ५९ इंच. तिथे ५० किंवा ५५ इंची टीव्ही नीट बसतो. चित्रपटात बुडून जायची हौस असेल तर १.२ ने भागण्यापर्यंत जाता येतं, पण तेवढा मोठा पडदा रोजच्या बातम्यांना डोळ्यांवर येतो आणि कमी दर्जाच्या प्रक्षेपणातले सगळे दोष उघडे पाडतो.

जागेची खात्री करायला ५५ इंची पडदा सुमारे १२२ सेंटिमीटर रुंद आणि ६८ सेंटिमीटर उंच असतो हे लक्षात ठेवा. भिंतीवर जुन्या वर्तमानपत्रांचा तेवढा चौकोन चिकटवून एक दिवस ठेवा. घरच्यांची मतं तेव्हाच कळतात. टीव्ही टेबलावर ठेवणार असाल तर त्याच्या पायांमधलं अंतरही बघा, काही मॉडेलांचे पाय पडद्याच्या अगदी टोकांना असतात.

## टप्पा ३: आता डोळ्याला किती ठिपके दिसतात ते बघा

निरोगी नजर, म्हणजे डोळ्यांचे डॉक्टर जिला ६/६ म्हणतात ती, साधारण एका अंशाच्या साठाव्या भागाइतक्या कोनातले दोन ठिपके वेगवेगळे ओळखते. त्याहून लांब गेलं की शेजारचे ठिपके एकमेकांत मिसळतात आणि आणखी बारीक ठिपके दिले तरी डोळ्याला त्याचा उपयोग होत नाही. यावरून हिशेब असा निघतो:

- १३६६ × ७६८ च्या पडद्याचे ठिपके कर्णाच्या सुमारे २.२ पट अंतरावर मिसळतात.
- फुल एचडीचे सुमारे १.५६ पट अंतरावर.
- फोर-केचे सुमारे ०.७८ पट अंतरावर.

नेहमीच्या आकारांसाठी हाच हिशेब करून ठेवला आहे:

- ३२ इंच: एचडी रेडी १.८ मीटर, फुल एचडी १.३ मीटर
- ४३ इंच: फुल एचडी १.७ मीटर, फोर-के ०.८५ मीटर
- ५५ इंच: फुल एचडी २.२ मीटर, फोर-के १.१ मीटर
- ६५ इंच: फुल एचडी २.६ मीटर, फोर-के १.३ मीटर
- ७५ इंच: फुल एचडी ३ मीटर, फोर-के १.५ मीटर

वाचायचं असं: तुम्ही फुल एचडीपुढे दिलेल्या अंतराहून लांब बसत असाल तर केवळ ठिपक्यांमुळे फोर-के अधिक सुस्पष्ट दिसणार नाही. त्याहून जवळ बसत असाल तर दिसेल, आणि जितके जवळ याल तितका फरक वाढेल.

दुसऱ्या टप्प्यात १.६ ने भागलं होतं आणि इथे १.५६ आलं. म्हणजे त्या टप्प्यातल्या मोठ्या टोकाचा आकार घेतलात तर तुम्ही फुल एचडीच्या सीमेवर बसलेले असता, लहान टोकाचा घेतलात तर सीमेच्या पलीकडे. "माझ्या नेहमीच्या जागेवरून फरकच कळत नाही" असं अनेकांना वाटतं त्याचं कारण हे आहे, त्यांच्या डोळ्यांत दोष नसतो.

हे आकडे लक्ष्मणरेषा मानू नका. तरुण आणि तीक्ष्ण नजर ६/६ च्याही पुढे जाते, आणि पडद्यावर बारीक अक्षरं असतील तर फरक थोडा आधी जाणवतो. सीमेच्या दहा-पंधरा टक्के पलीकडे असाल तरी फोर-के घ्यायला हरकत नाही.

मग निर्णय कसा घ्यायचा?

३२ इंचांपर्यंत: झोपण्याच्या खोलीत दोन मीटरहून लांबून बघायचा असेल तर एचडी रेडी चालतो. लॅपटॉप जोडणार असाल किंवा जवळ बसून बघणार असाल तर फुल एचडी शोधाच, कमी मॉडेलं मिळतात पण मिळतात. १३६६ × ७६८ मध्ये आणखी एक अडचण आहे. येणारं चित्र ७२० किंवा १०८० ओळींचं असतं आणि पडद्याच्या ओळी ७६८, त्यामुळे प्रत्येक वेळी चित्र ताणावं किंवा आकसावं लागतं. लॅपटॉपची अक्षरं अशा पडद्यावर फुटलेली दिसतात.

४० ते ४३ इंच: खरा विचार इथेच करायचा. अडीच मीटरवर बसणाऱ्याला चांगला फुल एचडी पुरतो. संगणकाचा पडदा म्हणून वापर असेल, किंवा मुलं खाली बसून जवळून गेम खेळत असतील, तर फोर-के.

५० इंचांच्या पुढे: बाजारात जवळजवळ सगळे टीव्ही फोर-केच असतात, त्यामुळे हा प्रश्न सुटलेलाच आहे. इथे उरलेलं बजेट ठिपक्यांवर न घालवता काळ्या रंगाचा खोलपणा, एचडीआरसाठी (उजेड-अंधारातला जास्त विस्तार दाखवणाऱ्या चित्रासाठी) लागणारी प्रखरता आणि बाजूने बघताना रंग टिकतात का, यावर घाला. लांबून बघताना डोळ्याला आधी हेच जाणवतं.

एट-के: ७५ इंची पडद्यावर फोर-केचे ठिपके मिसळण्याची सीमा दीड मीटर आहे. एट-केचा फायदा त्याहून जवळ बसणाऱ्याला. शिवाय त्या दर्जाचं बघण्यासारखं साहित्य फारच थोडं आहे. घरच्या टीव्हीसाठी मी हा पर्याय कुणाला सुचवत नाही.

## टप्पा ४: कागदावरची पहिली यादी काढा

टीव्हीचं रिझोल्यूशन म्हणजे भांड्याचा आकार. त्यात पडतं किती, ते स्रोतावर अवलंबून. यादीतल्या प्रत्येक गोष्टीपुढे तिचं खरं रिझोल्यूशन लिहा.

डीव्हीडीचं चित्र ७२० × ५७६ किंवा ७२० × ४८० असतं. साध्या, म्हणजे एचडी नसलेल्या वाहिन्या याच पातळीच्या. एचडी वाहिन्या १२८० × ७२० किंवा १९२० × १०८०. ब्लू-रे फुल एचडी, अल्ट्रा एचडी ब्लू-रे फोर-के. इंटरनेटवरच्या सेवांवर तिन्ही दर्जे असतात, कोणता मिळेल ते तुमच्या प्लॅनवर, यंत्रावर आणि वेगावर ठरतं.

आता हिशेब करा. डीव्हीडीच्या चित्रात सुमारे ४ लाख १५ हजार ठिपके, फोर-के पडद्यावर ८२ लाख ९४ हजार. म्हणजे मूळच्या एका ठिपक्यातून टीव्हीला वीस ठिपके भरायचे आहेत, आणि त्यातले एकोणीस अंदाजाने. चित्र धूसर दिसणारच. फुल एचडीतून फोर-के करताना मात्र रुंदीत दोन आणि उंचीत दोन असा पूर्णांकी हिशेब बसतो, म्हणून फुल एचडी साहित्य फोर-के पडद्यावर चांगलं दिसतं. घरात ऐंशी टक्के वेळ साध्या वाहिन्याच चालत असतील तर मोठा फोर-के घेऊन जवळ बसू नका. आकार एक पायरी कमी करा, नाही तर वाहिन्या एचडी करून घ्या. माझ्या मते दुसरा उपाय जास्त सुख देतो.

एका ठिकाणी जपून राहा. फोर-के असं लिहिलेलं असलं की चित्र चांगलंच असेल असं नाही. ब्लू-रेवर फुल एचडी चित्राला सेकंदाला ४० मेगाबिटपर्यंत जागा मिळते. इंटरनेटवरून येणारं फोर-के पुष्कळदा १५ मेगाबिटच्या आसपास असतं. धावपळीच्या दृश्यात, पावसात, धुक्यात हा फरक डोळ्यांना दिसतो.

१५ मेगाबिटच्या वेगाने तासाला सुमारे पावणेसात गिगाबाइट डेटा जातो. नेटफ्लिक्स फोर-केसाठी १५ आणि फुल एचडीसाठी ५ मेगाबिट वेग सुचवतं. हा वेग राउटरशेजारी मोबाइल धरून मोजू नका. टीव्ही जिथे असणार तिथे उभं राहून, संध्याकाळी, घरातली बाकीची मंडळी नेट वापरत असताना मोजा.

तपासणी: यादीतली एकही गोष्ट फोर-के नसेल आणि पुढच्या चार-पाच वर्षांत होण्यासारखीही नसेल, तर ४३ इंच आणि त्याखाली फुल एचडीवर निर्धास्त थांबा.

## टप्पा ५: माहितीपत्रक वाचा, खोक्यावरची अक्षरं नको

इथे सगळ्यात जास्त लोक फसतात, म्हणून सावकाश वाचा.

"फोर-के सपोर्ट", "फोर-के प्लेबॅक", "फोर-के अपस्केलिंग" असे शब्द दिसले तर थांबा. त्यांचा अर्थ एवढाच असू शकतो की टीव्ही फोर-के फाइल उघडतो आणि आकसून फुल एचडी पडद्यावर दाखवतो. तुम्हाला हवी ती ओळ "पॅनल रिझोल्यूशन", "नेटिव्ह रिझोल्यूशन" किंवा "डिस्प्ले रिझोल्यूशन" या नावाखाली असते आणि तिथे ३८४० × २१६० असे दोन आकडेच लिहिलेले असतात. आकडे नसतील तर विक्रेत्याला मॉडेल क्रमांक विचारा आणि उत्पादकाच्या संकेतस्थळावर स्वतः बघा. मॉडेल क्रमांक पूर्ण उतरवा. शेवटचं एक अक्षर बदललं तरी आतला पडदा वेगळा असू शकतो.

"एचडी" एवढाच शब्द असेल तर तो फुल एचडी धरू नका.

"एचडीआर" हा शब्द रिझोल्यूशनशी जोडून छापला जातो. दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत. एचडीआर म्हणजे उजेड आणि अंधार यांच्यातला विस्तार. प्रखरता कमी असलेल्या पडद्यावर हा शब्द नावापुरता उरतो.

आणखी एक बारकावा आहे. काही स्वस्त एलसीडी फोर-के पडद्यांत लाल, हिरव्या, निळ्या उपठिपक्यांच्या जोडीला पांढरा उपठिपका घालतात, आणि त्यासाठी प्रत्येक ठिपक्यातला एखादा रंग गाळतात. एकूण मोजणी फोर-केची भरते, पण रंगीत बारीक अक्षरं फाटल्यासारखी दिसतात. पत्रकात "आरजीबीडब्ल्यू" दिसलं तर पुढच्या टप्प्यांतली अक्षरांची चाचणी नक्की करा. बऱ्याच ओएलईडी पडद्यांतही पांढरा उपठिपका असतो, पण तिथे प्रत्येक ठिपक्यात चारही असतात, त्यामुळे हे नुकसान होत नाही.

## टप्पा ६: पोर्ट आणि केबल

तयारीतली दुसरी यादी आता काढा. फोर-के चित्र सेकंदाला ६० चौकटींनी (फ्रेमनी) यायचं तर एचडीएमआय २.० च्या पातळीचं, म्हणजे १८ गिगाबिटचं पोर्ट लागतं. जुन्या १.४ च्या पोर्टवर फोर-के ३० चौकटींवरच अडतं. फोर-के १२० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला १२० चौकटी, हवं असेल तर नुसतं "२.१" वाचून समाधान मानू नका, कारण त्या आवृत्तीतल्या अनेक सोयी ऐच्छिक आहेत. "फोर-के १२० हर्ट्झ" असं स्पष्ट लिहिलेलं बघा आणि ते किती पोर्टना लागू आहे तेही विचारा. अनेक टीव्हींत एखाद-दोन पोर्टनाच ही क्षमता असते.

सावधान: साउंडबार किंवा ॲम्प्लिफायरमधून चित्र पुढे नेत असाल तर तेही यंत्र फोर-के आणि एचडीसीपी २.२ (नक्कल रोखणारं संरक्षण) ओळखणारं हवं. साखळीतली एक कडी जुनी असली की चित्र फुल एचडीवर येतं, कधी कधी येतच नाही. अशा वेळी प्लेअर सरळ टीव्हीला जोडा आणि आवाज टीव्हीच्या एआरसी पोर्टमधून (आवाज बाहेर पाठवणारं एचडीएमआय पोर्ट) साउंडबारकडे पाठवा.

## टप्पा ७: दुकानात

दुकानातली चित्रफीत टीव्ही उत्तम दिसावा म्हणूनच निवडलेली असते. तुम्ही पेन ड्राइव्हवर तीन गोष्टी न्या: घरी बघता तसा एक साधा व्हिडिओ, एक फुल एचडी आणि एक फोर-के. प्रात्यक्षिकाचा मोड बंद करून साधा किंवा सिनेमा मोड लावायला सांगा. मग पहिल्या टप्प्यात मोजलेल्या अंतरावर उभे राहा. नाक लावून बघितलेलं चित्र घरी कधीच दिसणार नाही.

आधी साधा व्हिडिओ लावा. त्यात चेहरे मेणाचे दिसतात का, अक्षरांभोवती पांढरी कडा येते का, हे बघा. तुमच्या घरात टीव्हीची खरी परीक्षा तिथेच होणार आहे.

टीव्हीच्या मेनूवरून रिझोल्यूशन जोखू नका. बऱ्याच फोर-के टीव्हींचा मेनू फुल एचडीतच काढलेला असतो. पेन ड्राइव्हवरचे फोटोही काही टीव्ही आकसून दाखवतात. शक्य असेल तर लॅपटॉप जोडून ३८४० × २१६० वर बारीक अक्षरं बघा, काळ्यावर लाल आणि निळ्यावर लाल. यासारखी खात्रीची चाचणी नाही.

## टप्पा ८: घरी आल्यावर, परत करायची मुदत संपण्याआधी

माझ्या मावसभावाकडे टीव्ही येऊन आठ महिने झाले होते आणि सेट-टॉप बॉक्स ५७६ ओळींवरच सेट होता. जोडणी करून गेलेल्या माणसाने ते बघितलं नव्हतं, घरच्यांना ठाऊक नव्हतं. एचडी वाहिन्यांचे पैसे दर महिन्याला जात होते आणि मावशी चष्म्याचा नंबर वाढला म्हणून डॉक्टरांकडे जाऊन आली होती. त्या दिवसापासून मी ही तपासणी कधी सोडत नाही.

1. सेट-टॉप बॉक्सच्या सेटिंगमध्ये चित्राचं आउटपुट त्याला जमेल तेवढ्या वरच्या पातळीवर ठेवा, आणि जोडणी एचडीएमआयने करा. लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिनांच्या केबलमधून एचडी येत नाही.

2. टीव्हीच्या चित्र-आकाराच्या सेटिंगमध्ये "स्क्रीन फिट", "जस्ट स्कॅन" किंवा तशा नावाचा पर्याय निवडा. नाही तर काही टीव्ही चित्राच्या कडा कापून उरलेलं ताणतात आणि ठिपक्याला ठिपका जुळत नाही. चित्रपटात वर-खाली काळ्या पट्ट्या आल्या तर झूम करू नका, ते चित्र मुळातच रुंद आहे.

3. कन्सोल किंवा प्लेअर ज्या पोर्टला आहे त्याचं "एन्हान्स्ड", "अल्ट्रा एचडी कलर" असं काही सेटिंग असेल तर चालू करा. ते मुळात बंद असू शकतं.

4. "शार्पनेस" खाली आणा. तो वाढवल्याने तपशील वाढत नाही, कडांना रेघा येतात.

5. इंटरनेट सेवेचा प्लॅन फोर-के देतो का ते खात्यात जाऊन बघा. बाहेरून जोडलेला बॉक्स किंवा स्टिक असेल तर त्याला वाइडवाइन (व्हिडिओची नक्कल रोखणारी व्यवस्था) एल-१ प्रमाणपत्र आहे का तेही बघा. एल-३ असेल तर अनेक सेवा एचडी चित्र देतच नाहीत.

6. युट्यूबवर एक फोर-के व्हिडिओ लावून "स्टॅट्स फॉर नर्ड्स" उघडा. तिथे चालू रिझोल्यूशन आकड्यांत दिसतं. ३८४० × २१६० यायला सुरुवातीला काही सेकंद लागतात. दोन मिनिटांनीही आकडा खालीच राहिला तर टीव्ही केबलने राउटरला जोडून पुन्हा बघा. केबलने आकडा वर गेला तर अडचण वाय-फायची आहे. तरीही खालीच राहिला तर व्हिडिओच्या दर्जात २१६० हा पर्याय दिसतो का ते बघा, आणि दिसत नसेल तर त्या पडद्याचा फोटो काढून बिलासकट विक्रेत्याकडे जा.